एकोणसाठ नंबरचा लॉकर

१

चोरी सोमवारी झाली, चोरीला गेलेली वस्तू बुधवारी सापडली, आणि गुरुवारी सकाळी मी दूध आणायला बाहेर पडले तोवर चोर कोण हे वॉटफर्डमधल्या सगळ्या मराठी घरांना कळलेलं होतं. ज्याला चोर ठरवलं होतं त्या मुलाचं म्हणणं तेवढं वेगळं होतं, पण ते ऐकून घ्यायला कुणाला सवड नव्हती.

मला फोन आला हेलन प्रिचर्डचा. हेलन ही रूक्सली पार्क स्कूलची हेडटीचर. इथे 'पब्लिक स्कूल' म्हणतात ती पैसेवाल्यांची शाळा असते. आमची रूक्सली पार्क साधी, कौन्सिलची, फुकटची. पिनरकडून येणारी बस जिथे वळते तिथे ती अजून उभी आहे. उमेदीची सगळी वर्षं मी तिथे गणित शिकवलं. हेलन माझ्या वर्गात दुसऱ्या बाकावर बसायची, वेण्यांची टोकं चघळायची. आज तिचे केस पिकलेत, तरी मला ती 'मिसेस ओगले'च म्हणते. माझ्या आडनावाचा उच्चार इंग्रज मुलं 'ओगल' असा करायची, आणि त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ टक लावून बघणं. मला आधी राग यायचा. मग लक्षात आलं, की त्या नावामुळे परीक्षेत कॉपी कमी होते.

"मिसेस ओगले, मला तुमचे डोळे हवेत," हेलन म्हणाली. "आणि तुमची भाषासुद्धा. दोन्ही घरं मराठी आहेत. माझ्यासमोर सगळे इंग्रजीत बोलतात. खरं काय ते नंतर मराठीत बोलत असणार."

गोष्ट अशी होती. माझी मैत्रीण शशी हिची नात अन्वी बारावीच्या वर्षाला, म्हणजे इथल्या इयर थर्टीनला. तिचे ए-लेव्हलचे विषय मॅथ्स, फिजिक्स आणि प्रॉडक्ट डिझाइन. डिझाइनला मुलांना एक वस्तू स्वतःच्या हाताने बनवावी लागते आणि ती खरोखर आपणच बनवली अशी सही द्यावी लागते. अन्वीने एका हाताने पोळी लाटायचं यंत्र बनवलं. अर्धांगवायूत शशीचा उजवा हात गेला, तेव्हापासून ती लाटण्याकडे नुसती बघत बसते. अन्वीच्या यंत्रात लाकडी पोळपाटाच्या कडेला पितळी सांधा होता आणि त्यात लाटण्याचं एक टोक अडकवलेलं. डाव्या हाताने दुसरं टोक ढकललं की लाटणं गोल फिरायचं. सगळ्या शाळेने त्याचं कौतुक केलं. शुक्रवारी परीक्षा मंडळाचे मॉडरेटर, म्हणजे शाळेने दिलेले मार्क पडताळणारे, ते बघायला यायचे होते.

सोमवारी दुपारी ते वर्कशॉपच्या फळीवरून नाहीसं झालं. बुधवारी सगळे लॉकर तपासले, तेव्हा एकोणसाठ नंबरच्या लॉकरमध्ये सापडलं. तो लॉकर होता साकेतचा.

साकेत दोन वर्षांपूर्वी नागपूरहून आलेला, अन्वीच्याच वर्गात. एका इंजिनियरिंग स्कॉलरशिपसाठी शाळा एकच नाव पाठवते आणि ते नाव या दोघांपैकी एकाचं असणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

"उद्या दुपारी मला निर्णय द्यायचाय," हेलन म्हणाली. "अन्वीचे वडील पोलीस म्हणताहेत. साकेतला कायमचं काढलं तर त्याची परीक्षा बुडेल आणि कार्डिफ युनिव्हर्सिटीची ऑफरही जाईल. तो एकच वाक्य बोलतो, मी नाही घेतलं."

"तुला काय वाटतं?"

"त्यानेच घेतलं असं वाटतं," हेलन म्हणाली. मग म्हणाली, "पण ते ज्या कापडात गुंडाळलेलं होतं ना, ते तुम्ही एकदा येऊन बघा."

२

शाळेत शिरले की मला अजून कस्टर्डचा वास येतो. कँटीनमध्ये आता कस्टर्ड मिळत नाही, पण माझ्या नाकाला कुणी ते कळवलेलं नाही. काळे फळे जाऊन पांढरे पडदे आले, खडू जाऊन पेनं आली. सिक्स्थ फॉर्मच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, कॉरिडॉरमधले निळे लॉकर मात्र माझ्या वेळचेच. त्यांच्यावर नावं नाहीत, फक्त नंबर. ज्याला हवं त्याने आपलं कुलूप आणावं.

हेलनने कापड माझ्या हातात दिलं. जुन्या इरकली साडीचा तुकडा होता, धुऊन धुऊन लोण्यासारखा मऊ झालेला.

"यात कसं होतं यंत्र?"

"बाळासारखं," हेलन म्हणाली. "कुठे ओरखडा नाही."

दुसऱ्याचं नुकसान करायला निघालेला माणूस इतक्या मायेने गुंडाळत नाही. पण हेही खरं, की असं कापड इंग्रजाच्या घरात नसतं. म्हणजे संशय आमच्याच लोकांवर येऊन बसत होता. वर्गात तिसरा मराठी मुलगा म्हणजे अंशुमन. त्याचं आणि अन्वीचं मध्यंतरी वाजलं होतं. पण सोमवारी तो युनिव्हर्सिटीच्या ओपन डेसाठी कार्डिफला होता, म्हणून त्याला मी मनातून खोडलं.

लॉकर दाखवायला जेरी डॉयल आला. जेरी शाळेचा साइट मॅनेजर, चाव्यांचा जुडगा कमरेला.

"हा एकोणसाठ," तो म्हणाला. "कुलूपच नव्हतं. आत पण काही नव्हतं. पोरगा म्हणतो, मी कधी वापरलाच नाही, सगळं बॅगेत घेऊन फिरतो. ते खरं असावं. त्याची बॅग मी उचलून पाहिलीय."

"तपासणी कुणी केली?"

"मी आणि मीनलने."

मीनल म्हणजे अन्वीची आई. सिक्स्थ फॉर्मच्या ऑफिसात काम करते, मुलांना लॉकरही तीच नेमून देते.

"तिच्या मुलीची वस्तू, आणि तपासायला तीच?"

"ती स्वतः म्हणाली. मी पहिल्या नंबरपासून सुरू करत होतो. तर म्हणाली, जेरी, तू तिकडून कर, चाळीसची रांग मी बघते. सरळ एकोणपन्नासपाशी गेली. त्याची बिजागरी वाकलेली आहे, तो कुणालाच दिलेला नाही. तिने तो उघडला आणि उभीच राहिली."

"काय होतं आत?"

जेरीने डोकं खाजवलं. "तेच तर, मिसेस ओगले. काहीच नव्हतं. पण रिकामं कपाट बघून इतकं घाबरलेलं माणूस मी आजवर पाहिलेलं नाही."

३

साकेतची आई ऋजुता हिने दार उघडलं ते अर्धंच.

"तुम्ही शशीकाकूंच्या मैत्रीण ना? मग तुम्हाला सगळं आधीच माहीत असेल."

"मला काहीच माहीत नाही, म्हणून आले. चहा देशील का?"

चहा मागितला की आपल्याकडे दार पूर्ण उघडावंच लागतं. फ्लॅट लहान होता, नीटनेटका. ऋजुताने चहा ठेवला आणि ओट्याकडे तोंड करूनच बोलत राहिली.

"आपल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर काल कुणीतरी लिहिलं, नवीन आलेल्या लोकांवर जरा लक्ष ठेवा. काकू, गणपतीत शंभर माणसांचा मसालेभात मी केला होता. तेव्हा कुणाला वाटलं नाही मी नवीन आहे."

"अशी इरकलीची फडकी तुझ्याकडे आहेत का गं?"

"साड्याच चार आणल्या मी, सगळ्या सिल्कच्या. फाडू कोणती?"

साकेत खाली मान घालून बसला होता. उंच, हडकुळा, हातांवर वर्कशॉपच्या जुन्या खुणा.

"तू घेतलंस?" मी विचारलं.

"मी काहून घेऊ आजी? मला काय पोळ्या लाटायच्या आहेत?"

"साकेत!" ऋजुता ओरडली.

"असू दे," मी म्हटलं. "स्कॉलरशिपला एकच नाव जाणार होतं. तिचं यंत्र नाहीसं झालं तर तुझं गेलं असतं."

तो एकदम वर बघून म्हणाला, "ते यंत्र मॉडरेटरसमोर आलं असतं ना, तरी माझंच गेलं असतं."

"म्हणजे?"

मी टक लावून बघत राहिले. या कामाचा मला पुष्कळ सराव आहे.

"तो पितळी सांधा तिने नाही केला," अखेर तो म्हणाला. "तसा सांधा लेथवर कातल्याशिवाय होतच नाही, आणि शाळेची लेथ दिवाळीपासून बंद आहे. गेल्या शुक्रवारी मी तिला विचारलं, केलास कुठे. ती लाल झाली. मी म्हटलं, मॉडरेटर या वर्षी सगळं खोलून परत जोडायला लावणार आहेत, तेव्हा काय करशील?"

"आणि हे तू हेडला सांगितलं नाहीस?"

"सांगून काय होणार? सगळे म्हणाले असते, जळतो." त्याने खांदे उडवले. "आणि चुगली कोण करतं, आजी?"

मला त्याचं बोलणं पटत होतं, आणि पटत होतं म्हणूनच मी सावध झाले. त्या सांध्याचं गुपित त्याला ठाऊक होतं, अन्वीशी त्याची बोलाचाली झाली होती, आणि वस्तू त्याच्याच लॉकरमध्ये होती. इतकं जुळणारं गणित मी एखाद्या मुलाच्या वहीत पाहिलं असतं, तर त्याने उत्तर बघून मग पायऱ्या लिहिल्यात असं म्हटलं असतं.

पण मग पायऱ्या लिहिणारा कोण?

४

शशीचं घर पिनरला. आम्ही दोघी एकाच वर्षी या देशात आलो, एकाच दुकानात पहिला कोट घेतला. तिचा अजय इथेच जन्मला. त्याचं मराठी म्हणजे इंग्रजी वाक्याला खालून लावलेलं अस्तर. सून मीनल पुण्याची, लग्न करून आलेली, आणि तिचं मराठी स्वच्छ.

"Come in, काकू," अजय म्हणाला. "I'm telling you, पोलिसला बोलवला पाहिजे. त्या मुलाने माझी मुलीचा future घेतला!"

"अरे हळू. आईचं डोकं दुखेल."

"तो सोमवारपासून असाच ओरडतोय," शशी म्हणाली. "यानेच मंगळवारी शाळेत जाऊन तमाशा केला, म्हणून तर लॉकर तपासले. मीनल नको म्हणत होती. म्हणत होती, जाऊ दे, फोटो आहेत, सरांनी मार्क आधीच दिलेत, हरवलं तर बोर्ड त्याच मार्कांवर काम चालवतं."

मीनलने माझ्यापुढे चहा ठेवला.

मी अजयच्या अंगठ्याकडे पाहिलं. नखाखाली काळी रेघ होती, पितळेच्या पॉलिशची असते तशी. "गॅरेजमध्ये अजून काही बनवतोस का रे? ती तुझी लेथ चालू आहे?"

"Of course. It's my—" एवढं बोलून तो थांबला. मीनलने पाठ फिरवली.

अन्वी जिन्यावर बसली होती. एरवी दिसली की गळ्यात पडणारी पोर, आज जागची हलली नाही. मी तिच्याजवळ गेले.

"फडकं तू नेलं होतंस का गं शाळेत, यंत्र गुंडाळायला?"

"नाही आजी. ते shelf वर असंच होता. उघडा."

खोलीतून शशीचा आवाज आला, "कुठलं फडकं? माझ्या इरकलीचं? मीनलने माझी इरकल फाडून चांगली मऊ फडकी केलीत, वरच्या ड्रॉवरमध्ये आहेत. तुला हवं का एखादं?"

अन्वीने गुडघ्यांत तोंड घातलं.

म्हणजे कापड याच घरातलं होतं. आणि एक गोष्ट मला मघापासून टोचत होती. आई आणि मुलगी एकमेकींकडे बघत नव्हत्या. मीनल खोलीत आली की अन्वी बाहेर, अन्वी आत आली की मीनल ओट्याकडे. भांडण झालेल्या बायका अशा वागत नाहीत. त्या बोलत नसल्या तरी एकमेकींना ऐकू जाईल अशी भांडी आपटतात. या दोघी एकमेकींना घाबरत होत्या.

वातावरण सैल करायला शशी म्हणाली, "अगं, आमची अन्वी साधा डबा नीट पोचवत नाही, ती आठवणीने फडकं काय नेणार? आठवतं ना, दिवाळीत तुझ्या चकल्या कुठे देऊन आली?"

मी हसले. माझ्यासाठी पाठवलेला डबा अन्वी आमच्या रस्त्यावरच्या भलत्याच घरी ठेवून आली होती.

निघताना ती फाटकापर्यंत आली. हळूच म्हणाली, "आजी, कोणी तुझ्यासाठी काही खूप वाईट केला, because they love you, तर तू सांगायचं का?"

"कोणी केलं?"

ती आत पळाली. मी कोटाची बटणं लावत होते, तेवढ्यात मीनल मागून आली. तिनेही कुजबुजतच विचारलं, "काकू, आपलं मूल आपल्याला वाटतं तसं नसतं का हो?"

आई लेकीवर संशय घेत होती आणि लेक आईवर. बसमध्ये बसल्यावर मला वाटलं, या दोघींपैकी एकीने परक्या मुलाला जाणूनबुजून फासात अडकवलंय. शशीच्या घराबद्दल असं काही मनात येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

५

शुक्रवारी सकाळी मी बसस्टॉपवर उभी होते. मिस्टर व्होइचिक काठी टेकत आले. आमच्याच रस्त्यावर पाच-सहा घरं पलीकडे राहतात, पोलंडचे, एकटेच असतात.

"मिसेस ओगले, ती काटेरी चाकं या वर्षी पण येणार का?"

"काटेरी चाकं?"

"दिवाळीला ती मुलगी ठेवून गेली होती ना माझ्या दारात. फार छान होती. दात सांभाळून खाल्ली."

चकल्या. माझं घर एकोणतीस नंबरचं. व्होइचिक यांचं एकोणचाळीस.

बस आली, दार उघडलं, ड्रायव्हर माझ्याकडे बघत राहिला. मी तिथेच उभी होते. लहानपणी आम्ही पावकी, निमकी, दिडकी तालावर म्हणायचो, आणि एकोणीसला पोचलो की बाई हटकून विचारायच्या, "वीस झाले का?" "नाही बाई, एक उणा!" सगळा वर्ग ओरडायचा. आपली भाषा पुढच्या दहाचं नाव आधीच घेऊन ठेवते. आमच्या जिभेला त्याची सवय आहे. पण जी मुलगी इंग्रजीत मोजायला शिकली, तिच्या कानाला काय ऐकू येत असेल?

शाळेत पोचल्यावर मी हेलनला म्हटलं, "कॉरिडॉर रिकामा करून दे. जेरी, मीनल आणि अन्वी, एवढेच लोक. मी मराठीत बोलेन. तू फक्त बघ."

सगळे आले. मीनल एका टोकाला, अन्वी दुसऱ्या.

"अन्वी," मी म्हटलं, "मला एक लॉकर उघडून दाखव. एकोणसत्तर."

अन्वी गोंधळली. मग रांगेने चालत गेली, नंबर वाचत, साठच्या पुढे, सत्तरच्याही पुढे. एका दारावर हात ठेवून म्हणाली, "हा?"

दारावर आकडे होते सात आणि नऊ.

मीनलच्या तोंडून कसलातरी आवाज निघाला. ती भिंतीला टेकली.

"का गं हा?" मी अन्वीला विचारलं.

"सत्तर is seventy. आणि एकोण is nine. एकोणीस, nineteen. सोपा आहे."

"आणि सोमवारी आईने तुला कोणता नंबर सांगितला?"

अन्वीने आईकडे पाहिलं. त्या घरात आदल्या दिवशी मी गेल्यापासून पहिल्यांदाच तिने आईकडे सरळ पाहिलं.

"ती फोनवर म्हणाली, fifty-nine रिकामा आहे."

"मी एकोणपन्नास म्हणाले!" मीनल किंचाळली. "फॉर्टी-नाईन! ऑफिसात बाजूला सूझन बसली होती, तिला कळू नये म्हणून मराठीत बोलले. एकोणपन्नास, अनू! मोडका, कुणालाच न दिलेला!"

"But आई, पन्नास is fifty!"

"पन्नासला एक कमी गं..."

"मला कोणी सांगितला नाही," अन्वी म्हणाली. "मला वाटला, तू मुद्दाम साकेतचा locker दिला. लॉकरची list तुझ्याकडे असते! तो सापडला तेव्हा मी विचार केला, माझी आईने त्याला फसवला. माझ्यासाठी. मी कशी सांगणार? तुला jail झाला असता!"

मीनल खाली बसली, कॉरिडॉरच्या फरशीवर, ऑफिसच्या कपड्यांत.

"आणि मी बुधवारपासून झोपले नाहीये," ती म्हणाली. "एकोणपन्नास उघडला तर रिकामा. जेरीने साकेतचा उघडला तर त्यात यंत्र. मला वाटलं, स्कॉलरशिपसाठी तू... मी विचार करत होते, मी काय जन्माला घातलंय."

राहिलेलं दोघींकडून ऐकून घेऊन मी हेलनला सगळं इंग्रजीत सांगितलं. सांधा अजयने गॅरेजमध्ये केला होता. सुरुवातीला 'थोडीशी मदत', मग सगळाच. मॉडरेटर यंत्र खोलायला लावणार हे साकेतच्या तोंडून कळल्यावर अन्वीने घरी येऊन आईला सांगितलं. अजयला दोघींनी काही सांगितलं नाही, त्याच्या पोटात राहत नाही. मीनलने ठरवलं, यंत्र शुक्रवारपुरतं हरवलेलं बरं. हरवलं तर सरांनी दिलेले मार्क राहतील, आणि नंतर ते गुपचूप घरी नेता येईल. सकाळी मुलीच्या बॅगेत फडकं दिलं, दुपारी लॉकरचा नंबर. साकेतला अडकवायचं दोघींच्या मनातही नव्हतं. पण त्याला घरी पाठवलं तेव्हा दोघी गप्प बसल्या. एकमेकींना वाचवायला गप्प बसल्या, हे खरं. पण बसल्या.

"तुम्हाला कळलं कसं?" हेलनने विचारलं.

"जेरीमुळे. रिकामा लॉकर बघून कोण घाबरेल? ज्याला तो रिकामा नसेल असं वाटत होतं तोच. म्हणजे मीनलने कुणालातरी तिथे ठेवायला सांगितलं होतं, आणि ठेवणाऱ्याने भलतीकडे ठेवलं. बरोब्बर दहा नंबर पुढे. माझ्या चकल्या गेल्या होत्या तशा."

हेलनला चकल्या कळल्या नाहीत. तिने कळल्यासारखी मान हलवली आणि साकेतच्या घरी फोन लावायला निघून गेली.

जेरीने मीनलला हात देऊन उठवलं. मी अन्वीला म्हटलं, "हेड फोनवर माफी मागतील ती शाळेची. तुझी राहिलीच आहे."

"तो दार उघडणार नाही."

"चहा माग," मी म्हटलं.

६

तिचं काय झालं ते सांगते. सांध्याचे मार्क गेले. सरांनी तिला नवीन सांधा स्वतःच्या हाताने करायला मुदत दिली, मॉडरेटरांनीही ऐकलं. तो तिने लाकडाचा केला. तो कुरकुरतो आणि लाटणं एका बाजूला ओढतो. शशीच्या पोळ्या त्यावर नकाशासारख्या होतात. तरी शशी पितळी सांध्याकडे बघतसुद्धा नाही. स्कॉलरशिपला नाव साकेतचं गेलं. मीनलची चौकशी झाली, ऑफिसातलं काम सुटलं. अजयने ओरडणं बंद केलंय, घर फार शांत झालंय म्हणून शशी तक्रार करते.

पण मला आठवत राहते ती त्याच शुक्रवारची संध्याकाळ. ऋजुताचं दार पुन्हा अर्धंच उघडलं. बाहेर मी, मीनल आणि अन्वी. चहा मागायचं धैर्य कुणालाच झालं नाही. ऋजुता दारातून बाजूला झाली.

साकेत खिडकीशी उभा होता, पाठमोरा. मीनल बोलायला गेली, तर अन्वीने तिचा हात धरून मागे ओढलं. ती पुढे झाली. बसमध्ये सबंध वेळ ती ओठांतल्या ओठांत काहीतरी घोकत होती, ते आता मला ऐकू आलं. तिला ते इंग्रजीत सोपं गेलं असतं.

"साकेत," ती म्हणाली, "माझा चूक झाला."

तो वळला नाही. ओट्यावर दूध वर येत होतं, तिकडेही ऋजुताचं लक्ष नव्हतं.

"माझी," साकेत खिडकीकडे बघतच म्हणाला. "माझी चूक झाली."

ऋजुता उसळली. "तुझी कशाला रे? तुझी काय चूक?"

"अगं आई," तो वळला. दोन दिवसांत पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर जरासं हसू होतं. "मी तिला व्याकरण सांगून राहिलो."

अन्वीने डोळे पुसले, श्वास घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून, एकेक अक्षर तपासत म्हणाली, "माझी चूक झाली."

"हं," साकेत म्हणाला. "आता बरोबर."

ऋजुताने गॅस बंद केला आणि कप काढायला लागली. मी मोजले. पाच होते.